भागीदार म्हणे! कसली भागीदारी?

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्या युनियनच्या शाखा कार्यालयात एक प्राध्यापक आले होते. माणूस सज्जन, वय चाळिशीच्या आत, बोलणे मृदू. एका व्यवस्थापन संस्थेत मार्केटिंग हा विषय शिकवतात. आम्ही मॅट्रिक; त्यामुळे पदवीवाल्याला आधी खुर्ची देतो, मग चहा, आणि प्रश्न त्यानंतर. त्यांनी सांगितले की ते 'प्लॅटफॉर्म वर्क' या विषयावर संशोधन करीत आहेत. आम्हाला वाटले, प्लॅटफॉर्मवरचे काम म्हणजे हमाल, सफाईवाले, पार्सलवाले, चहावाले यांचे काम. आम्ही खूश झालो. म्हटले, तीस वर्षे प्लॅटफॉर्म झिजवतो आहोत, विचारा काय विचारायचे ते. तेव्हा त्यांनी हसून खुलासा केला की हा प्लॅटफॉर्म फरशीचा नव्हे, मोबाईलमधला.

तरीही ते आमच्या स्टेशनावर आले याला कारण होते. आमच्या जंक्शनवर गाडीत जेवण पोचवणारी दहाबारा पोरे आहेत. प्रवासी मोबाईलवरून जेवण मागवतो, पोरगा हॉटेलातून पिशवी उचलतो, बाहेर मोटारसायकल टाकतो आणि ब्रिज चढून तीन किंवा चार नंबरवर येतो. गाडी थांबते पाच मिनिटे. कोच पोझिशन बदलली की पोराला पिशवी घेऊन अर्धी गाडी धावावे लागते. गाडी लेट असली तर खांबाला टेकून उभे राहायचे. आता गाडी आउटरला का थांबली हे आम्हाला ठाऊक असते. कधी लाईन मोकळी नसते, कधी पॉइंट फेल झालेला असतो. पण जेवण गार झाले म्हणून प्रवासी एक तारा देतो तो त्या पोराला. सिग्नल आमचा आणि गुण कापले जातात त्याचे! चार वेळा असे झाले की काम कमी येऊ लागते. आणखी झाले की आयडी बंद.

आयडी बंद म्हणजे काय, हे आपल्या जुन्या मंडळींना समजेल अशा भाषेत सांगतो. चार्जशीट नाही, चौकशी नाही, डिफेन्स हेल्पर नाही, अपील नाही, सही करून घ्यायला साधा कागदही नाही. सकाळी मोबाईल उघडला की काम गेलेले. आमच्या खात्यातल्या मेजर पेनल्टीच्या पद्धतीला आम्ही आयुष्यभर शिव्या दिल्या, आणि त्या योग्यच होत्या. पण ती पद्धत तरी आहे! ती कोणी फुकट दिलेली नाही, हे या पोरांकडे पाहिल्यावर नव्याने कळले.

प्राध्यापकांनी पोरांना छापील फॉर्म वाटले. त्यात विधाने होती. 'मला माझ्या कंपनीच्या ब्रँडचा अभिमान वाटतो.' 'ग्राहकाचे समाधान हे मी माझेच समाधान मानतो.' 'मी स्वतःला कंपनीचा भागीदार समजतो.' प्रत्येक विधानापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे. एका पोराने सगळीकडे पाचला गोल केला. आम्ही विचारले, अरे, सगळीकडे पाच? तर म्हणतो, "काका, कमी दिलं आणि कंपनीला कळलं तर?" प्राध्यापकांनी समजावले की नावे गुप्त राहतील. पोरगा म्हणाला, "सर, पण वर मोबाईल नंबर लिहायला सांगितलाय ना." प्राध्यापक ओशाळले. तो नंबर, म्हणाले, पुन्हा संपर्कासाठी आहे.

दुसऱ्या एका पोराने फॉर्म दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारले, "आयडी बंद पडली तर कुणाकडं जायचं, हा प्रश्न यात कुठाय?"

प्राध्यापकांनी जे उत्तर दिले त्यासाठीच हा लेख आम्ही लिहीत आहोत. ते म्हणाले, मुद्दा महत्त्वाचा आहे, पण तो या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही. तो कामगार संबंधांचा विषय झाला. आमचा विभाग मार्केटिंगचा.

२०२६ च्या सुरुवातीला त्यांनी एका परिषदेत वाचलेला आपला निबंध आठवणीने आम्हाला पाठवला. पाठवला हा त्यांचा चांगुलपणा. पुष्कळ जण माहिती घेऊन जातात ते पुन्हा तोंड दाखवीत नाहीत. इंग्रजी जाड होते. आमच्या शाखेतील एका बुकिंग क्लार्क भगिनीने बसून समजावून सांगितले. आमची ती धावणारी पोरे त्यात 'सेवा पुरवठादार भागीदार' झाली होती. त्यांची 'ब्रँडविषयीची आत्मीयता' सरासरीने बरीच वर आली होती. वर का येणार नाही? सगळीकडे पाचला गोल होता! शेवटी कंपन्यांना उपयोगी पडतील अशा सूचना होत्या: भागीदारांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवाव्यात, चांगल्या टी-शर्टाने आपलेपणा वाढतो, उत्तम काम करणाऱ्यास ॲपवर बिल्ला द्यावा. आयडी बंद पडण्याविषयी एक ओळ नाही. पावसात ब्रिजच्या पायऱ्या निसरड्या होतात त्याविषयी नाही. मिनिटाला किती पैसे पडतात त्याविषयी नाही.

आम्हाला त्या प्राध्यापकांचा राग आलेला नाही. त्यांचेही पोट आहे आणि त्या पोटाचे गणित आम्ही समजून घेतले. प्राध्यापकाची बढती निबंधांवर. निबंध कोठे छापला यावर त्याची किंमत. ऑस्ट्रेलियातील डीन लोकांच्या एका मंडळाने जगातील नियतकालिकांना ए-स्टार, ए, बी, सी असे दर्जे दिलेले आहेत, आणि आपल्याकडील पुष्कळ व्यवस्थापन संस्था माणसाला त्या यादीवर तोलतात. म्हणजे बघा, प्राध्यापकालाही तारेच! ज्या नियतकालिकाला तारा आहे त्याचे संपादक विचारणार की यातून ग्राहकाविषयी नवे काय कळले. पोराच्या पायाला काय झाले हे विचारणारे संपादक दुसऱ्या विषयाचे, दुसऱ्या यादीतले. तेव्हा माणूस कितीही सज्जन असो, ज्या खुर्चीवर बसून तो पाहतो ती खुर्ची ग्राहकाच्या बाजूला ठेवलेली आहे.

ही खुर्ची आजची नाही. १९८१ साली अमेरिकेत लेनर्ड बेरी नावाच्या मार्केटिंगच्या प्राध्यापकांनी बँकिंगच्या एका नियतकालिकात निबंध लिहिला, त्याचे मथळ्यातच म्हणणे असे की नोकर हाही ग्राहकच. नोकरी ही वस्तू, ती नोकराला विकायची, तो खूश झाला की तो गिऱ्हाइकाला खूश करील. ऐकायला गोड आहे. पण ग्राहक पैसे देतो आणि वस्तू घेतो; कामगार घाम देतो आणि मजुरी घेतो. दोघांना एका नावाने हाक मारली की मजुरीचा प्रश्न खुबीने बाजूला सरतो आणि उरतो तो 'समाधाना'चा. ग्राहकाने वस्तू नापसंत केली तर दुसऱ्या दुकानात जावे. कामगाराने? त्याच बेरींनी आणखी दोघा प्राध्यापकांबरोबर १९८८ मध्ये सेवेचा दर्जा मोजण्याची बावीस विधानांची पट्टी तयार केली. ती जगभर चालली. आपल्याकडे बँका, रेल्वे, पोस्ट यांच्यावर त्या पट्टीने ढिगाने निबंध झाले. काउंटरवरचा माणूस हसला की नाही, तत्परतेने बोलला की नाही, हे मोजले गेले. त्या काउंटरवर तीन माणसांचे काम एकटा करीत होता काय, हे पट्टीत नव्हते. मोबाईलवरचे पाच तारे आभाळातून पडलेले नाहीत, त्यांचे खानदान हे आहे.

या विद्येतील एक मोठे नाव रसेल बेल्क. त्यांची कारकीर्द मुद्दाम पाहण्याजोगी आहे, कारण ते विकले गेलेले पंडित नव्हेत. १९८६ च्या उन्हाळ्यात ते आणि त्यांचे सहकारी एका मोटारघरात बसून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत फिरले, बाजारांत आणि जत्रांत लोकांना भेटले, माणूस वस्तू का घेतो, का जपतो, हे विचारीत गेले. आम्हाला हे आवडले. आमचे कार्यकर्तेही असेच गँगच्या तळावर जाऊन बसतात. १९८८ मध्ये त्यांनी मांडले की माणसाच्या मालकीच्या वस्तू म्हणजे त्याच्या 'मी'चाच विस्तार. २०१० मध्ये त्यांनी 'वाटून घेणे' या विषयावर लिहिले. पुढे मोटारी, घरे, खोल्या इंटरनेटवरून वापरायला मिळू लागल्या तेव्हा २०१४ मध्ये त्यांनी लिहिले की आता मालकीपेक्षा वापरायला मिळणे यावरून माणूस ओळखला जाईल. आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका निबंधात त्यांनी स्पष्ट बजावले की इंटरनेटवर 'वाटणी' म्हणून जे खपवले जाते त्यातील पुष्कळसे नकली वाटणी आहे, धंदाच आहे.

शाबास! कॅनडात टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात ते ज्या अध्यासनावर बसत त्याला चीज विकणाऱ्या क्राफ्ट कंपनीचे नाव होते, आणि तेथे बसून त्यांनी नकलीला नकली म्हटले. एवढे धैर्य आपल्याकडील किती पंडितांत आहे ते ज्याचे त्याने पाहावे. पण नकली वाटणी उघडी पाडली ती कोणाच्या वतीने? वापरणाऱ्याच्या. वस्तू वापरणारा माणूस स्वतःला काय समजतो, हा त्या साऱ्या कारकिर्दीचा प्रश्न. वस्तू आणून देणारा माणूस त्या मोटारघराच्या खिडकीतून दिसलाच नाही. तो रस्त्यावरच होता.

दुसरे उदाहरण जियाना एकहार्ट आणि फ्लूरा बर्धी या दोन विदुषींचे. दोघी मार्केटिंगच्याच. २०१२ मध्ये त्यांनी झिपकार या भाड्याने मोटार देणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांचा अभ्यास छापला. निष्कर्ष असा की ग्राहकांना एकमेकांविषयी काही बंधुभाव वाटत नाही, उलट कंपनीने कडक नियम लावून इतरांवर पाळत ठेवावी असे वाटते. २०१५ मध्ये हार्वर्डच्या प्रसिद्ध नियतकालिकात त्यांनी लिहिले की या 'वाटणीच्या अर्थव्यवस्थे'त वाटणी नाहीच. येथवर आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढे काय? पुढे कंपन्यांना सल्ला: ग्राहकाला बंधुभाव नको आहे, सोय आणि स्वस्ताई हवी आहे, तेव्हा तीच विका. उबर तसे करते म्हणून पुढे जाते, तिची प्रतिस्पर्धी मैत्रीच्या गप्पा मारीत बसते.

आमचे भांडण येथे आहे. खोटे पकडले आणि पकडलेले खोटे पुन्हा दुकानदाराच्याच हातात नेऊन दिले. स्वस्ताई विका म्हणे! स्वस्ताई झाडाला लागत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये दिल्ली परिसरात ब्लिंकिटच्या पोरांनी काम बंद केले, कारण एका खेपेचे पंचवीस रुपये होते ते पंधरावर आणले. ग्राहकाच्या हातात पडलेली सोय त्या दहा रुपयांतून आलेली असते. याला मार्केटिंगच्या पुस्तकात 'मूल्यनिर्मिती' म्हणतात. आमच्या भाषेत याला मजुरीकपात म्हणतात.

विकले गेलेलेही आहेत, त्यांचा उल्लेख थोडक्यात. २०१५ मध्ये प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ ॲलन क्रूगर यांनी उबरच्याच एका अधिकाऱ्याबरोबर उबरच्या चालकांवर निबंध प्रसिद्ध केला. कंपनीशी आपला करार आहे हे त्यांनी लपवले नव्हते, तेवढे श्रेय देऊ. पण त्यात चालकाची तासाची मिळकत टॅक्सीवाल्यापेक्षा बरी दाखवली ती पेट्रोल, दुरुस्ती, गाडीची झीज वजा न करता. आमच्या गुड्स शेडमधला मुकादमसुद्धा असा हिशेब करणार नाही. २०२२ च्या जुलैमध्ये उबरची अंतर्गत कागदपत्रे फुटली. त्यांत एका फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाशी अहवालासाठी एक लाख युरोंचा व्यवहार झाल्याचे जगाने वाचले. असल्यांना ओळखणे सोपे आहे. आम्हाला चिंता आहे ती न विकल्या गेलेल्यांची, कारण त्यांच्या फॉर्मवर आपण विश्वासाने सही करतो.

कोणी म्हणेल, सेक्रेटरीसाहेब, शब्दांवर कशाला रागावता? भागीदार म्हणाले काय, सेवक म्हणाले काय, फरक काय पडतो? फरक पडतो. शब्द जाहिरातीतून निबंधात जातो, निबंधातून समितीच्या अहवालात, आणि अहवालातून कायद्यात. २०२२ च्या जूनमध्ये नीती आयोगाने अहवाल काढला. त्यात गिग कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख, आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज. म्हणजे आपल्या रेल्वेच्या कित्येक पट माणसे. या माणसांची व्याख्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये केलेली आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. व्याख्या काय म्हणते? पारंपरिक मालक-नोकर संबंधांच्या बाहेर काम करून कमावणारा तो गिग कामगार. झाले! संबंध बाहेरचा आहे की आतला, हाच तर वादाचा मुद्दा. तो व्याख्येतच मालकाच्या बाजूने निकालात काढला. मग ॲपवाल्या कंपनीने उलाढालीच्या एक ते दोन टक्के, तेही कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंतच, एका निधीत टाकायचे. निधी मिळेल तो मिळेल, नाही असे नाही. नोकर म्हटले असते तर किमान वेतन, रजा, भरपाई, काढून टाकण्याची पद्धत, सगळे मागता आले असते. एका शब्दाची किंमत एवढी आहे.

पोस्टातील बंधू-भगिनींना हा खेळ नवा नाही. खेड्यातल्या टपालाचे काम ज्याच्या खांद्यावर, त्याचे नाव कित्येक दशके 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल एजंट' होते. शब्द पाहा. टपाल खात्याचे, शिक्का खात्याचा, मनीऑर्डरचा हिशेब खात्याचा, आणि माणूस मात्र खात्याबाहेरचा! १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही माणसे नागरी पदावरच आहेत. तरी ती नियमित नोकर झाली नाहीत. २००१ च्या नियमांत त्यांचे नाव 'ग्रामीण डाक सेवक' झाले. नाव गोड झाले. जे हातात पडते त्याला पगार म्हणत नाहीत. तो 'टाइम रिलेटेड कंटिन्युइटी अलाउन्स', म्हणजे भत्ता. कमलेशचंद्र समितीने २०१६ मध्ये अहवाल दिला, जुलै २०१८ पासून नवे दर लागू झाले, आणि तेही भत्त्याचेच. आमच्याकडे २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात कुलींना 'सहायक' म्हणायचे ठरले. पाठीवरचे ओझे तेच राहिले. ॲपवाल्यांनी हे सगळे आपल्या सरकारकडूनच शिकून घेतले की काय, अशी शंका आम्हाला कधी कधी येते.

'भागीदार' शब्दाची कसोटी मोठी मजेदार झाली. २०२१ मध्ये अर्बन कंपनीच्या, घरोघरी जाऊन ब्यूटी पार्लरचे काम करणाऱ्या भगिनींनी गुरुग्राममध्ये कंपनीच्या दारात धरणे धरले. कंपनी त्यांना भागीदारच म्हणत असे. डिसेंबरमध्ये कंपनीने त्या भागीदारांवर कोर्टात दावा लावला! भागीदाराने नफ्यातला वाटा मागितला तर हिशेब दाखवतात. मनाईहुकूम मागायला धावत नाहीत.

आणि हे शब्दांचे जाळे कोणी तोडले, तेही पाहा. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उबरचे चालक कामगारच आहेत. करारात काय लिहिले यापेक्षा प्रत्यक्षात हुकूम कोणाचा चालतो ते पाहावे. तो खटला २०१६ पासून चालकांनी लढवला. आपल्याकडे राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकने २०२५ मध्ये या कामगारांसाठी कायदे केले, तेही त्यांच्या संघटनांनी पाठपुरावा केल्यावर. २५ आणि ३१ डिसेंबर २०२५ रोजी देशात ठिकठिकाणी या पोरांनी संप केला. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगार मंत्र्यांनी कंपन्यांना सांगितले आणि ब्लिंकिटने आपल्या जाहिरातीतून 'दहा मिनिटे' काढून टाकली. 'दहा मिनिटे' हे मार्केटिंगचे वाक्य. त्या वाक्याने ग्राहकाच्या मनात काय होते याचा अभ्यास करणारे पुष्कळ निघतील, पण ते वाक्य फळ्यावरून पुसले ते मोटारसायकल बंद ठेवणाऱ्यांनी.

आता थोडे आपल्याविषयी, कारण दुसऱ्यावर बोट दाखवणे सोपे. आमच्या रेल्वे कॉलनीत रोज संध्याकाळी पिशव्या येतात. आमचेच सभासद, आमच्याच घरातली मुले उशीर झाला म्हणून एक तारा देतात. आमच्या स्वतःच्या घरी हे झाले. गाडी उशिरा आणली म्हणून प्रवाशाने ड्रायव्हरला, म्हणजे आमच्या लोको पायलट बंधूला, एक तारा दिला तर चालेल का, असे विचारल्यावर मग ते थांबले. युनियनच्या कार्यकारिणीत विषय काढला तेव्हा एक जुने सहकारी म्हणाले, ही पोरे आपली सभासद नाहीत, वर्गणी देत नाहीत, आपण कशाला पडायचे? त्यांना आम्ही बोगीत झाडू मारणाऱ्या कंत्राटी मुलांची आठवण दिली. प्रवाशाकडून फीडबॅक फॉर्म भरून घेण्यासाठी ती मुले कशी विनवण्या करतात हे आपण रोज पाहतो. गुण कमी पडले की कंत्राटदाराचे बिल कापले जाते आणि कंत्राटदार ते कोणाच्या अंगावर टाकतो हे सांगणे न लगे. तारे आपल्या खात्यात शिरलेले आहेत. आज झाडूवाल्यापर्यंत आले, काउंटरपर्यंत यायला किती वेळ?

म्हणून आमच्या शाखेने दोन ठराव केले. पहिला असा की यापुढे कोणीही संशोधक आमच्या मार्फत कामगारांना भेटणार असेल तर त्याचा फॉर्म आधी आम्हाला दाखवावा, मोबाईल नंबर मागू नये, फॉर्म भरण्यात जो वेळ जाईल त्याची भरपाई त्या पोरांना द्यावी, आणि छापण्यापूर्वी निष्कर्ष त्यांच्या भाषेत त्यांना वाचून दाखवावेत. एका सहकाऱ्याने शंका काढली की अशाने कोणी येणार नाही. न आला तर न येवो. दुसरा ठराव, आपला फॉर्म आपण करावा.

तो केला. संस्थेच्या हॉलमध्ये एका रविवारी दुपारी, जेव्हा जेवणाच्या ऑर्डरी ओसरतात, सात पोरे आली. फॉर्मवर एक ते पाच आकडे ठेवले नाहीत. काल पहिली ऑर्डर किती वाजता घेतली, शेवटची किती वाजता. किती किलोमीटर झाले, पेट्रोल किती. हातात काय उरले. गाडी लेट म्हणून किती वेळ उभे राहिलात, त्याचे काही मिळाले का. आयडी आजवर किती वेळा बंद पडली, कारण कोणी सांगितले का. पडलात, लागले, तर खर्च कोणी केला. सगळे पोरांच्याच सांगण्यावरून लिहिले. एकाने आणखी एक प्रश्न घालायला लावला, आमच्या डोक्यात तो आला नसता: 'लघवीला कुठे जाता?' स्टेशनावर एवढी बांधकामे झाली, पण पोरांना हॉटेलवाला आत जाऊ देत नाही आणि प्लॅटफॉर्मवर थांबायला वेळ नसतो.

सात फॉर्म भरून आले. सात म्हणजे फार नव्हेत. त्यावरून देशाविषयी काही सिद्ध होत नाही हे आम्हालाही कळते. इतर जंक्शनांवरील शाखांनी, आणि पोस्टातील बंधूंनी आपापल्या गावी, हाच फॉर्म भरून घ्यावा अशी विनंती आहे. इटारसी, नागपूर, सिकंदराबाद, हुबळी, जेथे जेथे आपली माणसे आहेत तेथे. मागणी कळवल्यास प्रती पाठवू. कोठे भाषा निराळी असेल तर फॉर्म त्या भाषेत करावा लागेल, ते काम तेथील सभासदांनी अंगावर घ्यावे.

कोऱ्या फॉर्मची एक प्रत आम्ही त्या प्राध्यापकांनाही पाठवली, सोबत पत्र, की पुढच्या निबंधासाठी हे प्रश्न आपल्या विभागाच्या कक्षेत बसतात काय ते कळवावे. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवणार होतो, पण ते स्पीड पोस्टात विलीन झाले असल्याने स्पीड पोस्टाने पाठवले. पोचल्याची नोंद आली आहे. उत्तर अजून आलेले नाही.